स्वतःची अचूक रायफल कशी जमवायची: ठाणे-नवी मुंबईतल्या नवशिक्यांसाठी

चार वर्षांपूर्वी मी एक चित्र फोनमध्ये घेऊन वागळे इस्टेटमधल्या माझ्या शाळासोबत्याच्या वर्कशॉपवर गेलो होतो. चित्र होतं पॉइंट टू टू (०.२२ इंच नळीच्या) बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने खटका ओढायच्या, रायफलचं. अमेरिकेतली माणसं घरच्या गॅरेजमध्ये बॅरल बदलतात, लाकडी स्टॉक म्हणजे दस्ता कोरतात, बोल्ट घासून गुळगुळीत करतात आणि पन्नास मीटरवर एकाच भोकात गोळ्या घालतात, असे व्हिडिओ पाहून मला चळ लागला होता. मित्र लेथवर काम करत होता. त्याने मशीन बंद केलं, चित्र पाहिलं आणि म्हणाला, "आधी हे फोनमधून काढ. मग चहा पी. मग घरी जा."

तो बरोबर होता. पण हौस काही गेली नाही. ती दहा मीटर एअर रायफलवर, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा मारणाऱ्या रायफलवर, येऊन स्थिरावली आणि आज माझ्याकडे पै पै जमवून घेतलेली, माझ्याच अंगाला बसवलेली रायफल आहे. त्या वाटेत मी जेवढे पैसे आणि महिने वाया घालवले, तेवढे तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

१. आधी कायदा, मग हौस

शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं, दुरुस्त करणं, तिच्यात बदल करणं, विकणं, सगळंच गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बनवण्याची शिक्षा किमान ७ वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. "मी फक्त छंद म्हणून करतोय" याला तिथे काही किंमत नाही. पॉइंट टू टू दिसायला लहान, आवाजाला किरकोळ, पण कायद्याच्या लेखी ती पूर्ण बंदूक आहे. तिला शस्त्र परवाना लागतो, काडतुसांचा हिशेब लागतो. वर्कशॉपवाल्याला "एवढं जरा टर्न करून दे" म्हणालात, तर तुमच्याबरोबर तोही अडकेल.

एअर रायफलचं तसं नाही. बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास ४.५ मिमीपर्यंत आणि ऊर्जा २० जूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. स्पर्धेची दहा मीटर रायफल या मर्यादेच्या खूप खाली असते. साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेगाने जातो, म्हणजे ऊर्जा जेमतेम ८ जूल. काही जण स्प्रिंग बदलून किंवा प्रेशर वाढवून "पॉवर" वाढवून देतो म्हणतात. त्यांच्या नादी लागू नका. एक तर मर्यादा ओलांडली की तुम्ही परवान्याच्या कक्षेत जाता, आणि दुसरं म्हणजे कागदाला भोक पाडायला पॉवर लागतच नाही.

२. तीन महिने काहीही विकत घेऊ नका

हे कोणी ऐकत नाही. मीही ऐकलं नव्हतं. पहिल्या आठवड्यातच एका ओळखीच्याकडून जुनी स्प्रिंगची एअरगन घेतली. ती चांगली होती, पण स्पर्धेची नव्हती. आता ती माळ्यावर आहे.

आधी रेंजवर जा. आपल्या भागात पनवेलला कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. २००४ मध्ये आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत ४०० पैकी ४०० मारणाऱ्या त्याच सुमा शिरूर. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची थेट पनवेल लोकल मिळते, त्यामुळे वाटतं तेवढं लांब नाही. याशिवाय शाळा-कॉलेजांच्या आणि खासगी छोट्या रेंज असतात. तुमच्या जिल्हा नेमबाजी संघटनेकडे चौकशी केलीत की जवळची कळेल. क्लबची रायफल भाड्याने मिळते. तीन महिने तिनेच सराव करा. तोवर तुम्हाला तीन गोष्टी कळलेल्या असतात: आवड खरी आहे का, कमरेला हे झेपतं का, आणि तुमचा मुख्य डोळा कोणता.

मुख्य डोळ्याची चाचणी आत्ता बसल्याजागी करता येईल. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करा, तिच्यातून समोरचं घड्याळ पाहा. एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ खिडकीतच राहतं, तो मुख्य. उजव्या हाताचा माणूस आणि डावा डोळा मुख्य, अशी जोडी निघाली तर रायफल घेण्याआधी कोचशी बोला. डाव्या हाताच्या रायफली वेगळ्या मिळतात, आणि एकदा उजवी घेतली की ती बदलता येत नाही, विकावी लागते.

३. काय काय लागतं

रायफल: वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, अँशुट्झ, स्टायर ही युरोपातली नावं रेंजवर रोज ऐकाल. नवी आयात रायफल दोन लाखांच्या पुढेच जाते. भारतीयांत ठाणे जिल्ह्यातल्याच प्रेसिहोलच्या रायफली सुरुवातीला बऱ्याच जणांच्या हातात दिसतात. पहिल्या दोन वर्षांत तुमचा स्कोअर रायफलमुळे अडत नाही, हे मी स्वतःच्या खिशाच्या अनुभवावरून सांगतो.

जॅकेट आणि पँट: मापाचीच शिवून घ्या. नियमात कापडाची जाडी एका पदराला २.५ मिमीपर्यंतच चालते. दुसऱ्याचं जॅकेट स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. ते त्याच्या बरगड्यांवर बेतलेलं असतं.

बूट, डाव्या हाताचा मोजा, डोक्याला पट्टी, डाव्या डोळ्यासमोरचा आडोसा, सेफ्टी फ्लॅग म्हणजे बॅरलमधून आरपार जाणारी भडक रंगाची दोरी, अ‍ॅलन कीचा (षटकोनी चाव्यांचा) संच, माप घ्यायचा व्हर्नियर, मास्किंग टेप आणि एक वही. शेवटच्या तीन वस्तू मिळून हजाराच्या आत येतात आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतात.

कागदपत्रं: आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो. परवाना लागत नसला तरी विक्रेत्याला ओळखीची नोंद ठेवावी लागते. पक्कं बिल घ्या, त्यावर रायफलचा अनुक्रमांक लिहिलेला आहे का ते दुकानातच ताडून पाहा. बिलाच्या दोन प्रती काढा, एक कायम रायफलच्या पेटीत.

४. जुनी घेताना

जुनी चांगली रायफल हा उत्तम सौदा असतो, पण रायफलच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी पाहा. या सिलिंडरना बहुधा १० वर्षांची मुदत असते आणि स्पर्धेत साधन तपासणीच्या वेळी ती बघतात. माझ्या रायफलच्या सिलिंडरला अकरा महिने उरले होते. विकणाऱ्याने ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नव्या सिलिंडरला जे पैसे गेले, त्यात माझं जॅकेट आलं असतं.

दुसरं, विकणाऱ्याच्या नावाचं मूळ बिल मागा आणि हस्तांतराचं साधं पत्र सहीनिशी घ्या. तिसरं, कोणी ट्रिगरचा ब्लॉक उघडून "ट्यून" केलाय का ते विचारा. स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या असतील तर उत्तर मिळालंच.

५. अंगाला बसवणं: इथे घाई नको

खरी घडण ही. अचूकपणा बॅरलमध्ये आधीच असतो. कारखान्यात शिकंजात धरलेली कुठलीही स्पर्धेची रायफल तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली मारते. आपण मध्ये येतो म्हणून छर्रा भरकटतो. तेव्हा काम एवढंच: शरीर आणि रायफल यांच्यातली ओढाताण काढून टाकायची.

क्रम असा ठेवा. आधी बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग), मग चीकपीस (गाल टेकायचा भाग), मग ग्रिप (हाताची मूठ), आणि सगळ्यात शेवटी साइट (नेम धरायचं साधन). उलटा क्रम केलात तर प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात.

उभं राहा. पाय खांद्याएवढ्या अंतरावर. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकलं पाहिजे. हाडावर, पोटावर नव्हे. माझ्यासारखं पोट असेल तर थोडं पुढे-मागे शोधावं लागतं. रायफलचं वजन, नियमात कमाल ५.५ किलो, हाडांवरून खाली पायात गेलं पाहिजे. दंडाचा स्नायू थरथरत असेल तर तुम्ही रायफल उचलून धरली आहे, टेकवलेली नाही. बटप्लेट वर-खाली करत जा. रायफल तोंडासमोर यावी, तोंड रायफलकडे जाऊ नये.

चीकपीसवर माझे पाच महिने गेले. मी मान वाकवून गाल दाबायचो आणि वाटायचं की घट्ट पकड म्हणजे स्थिर पकड. ग्रुप, म्हणजे कागदावरचा भोकांचा पुंजका, घड्याळातल्या कधी दोनच्या दिशेला, कधी अकराच्या. एके दिवशी कोच मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डोळे मिटा. रायफल लावा. डोकं आरामात ठेवा. आता उघडा." उघडले तर डायॉप्टरच्या, म्हणजे मागच्या साइटच्या, भोकातून मला फक्त काळोखाची चंद्रकोर दिसत होती. माझं डोकं जिथे आपोआप जात होतं तिथून साइट किंचित वर होती, आणि उरलेलं अंतर मी रोज साठ वेळा मान मोडून भरत होतो. मॅडमनी अ‍ॅलन की घेतली, चीकपीस चार मिलिमीटर वर केलं. पुन्हा डोळे मिट, पुन्हा उघड. तिसऱ्या वेळी गोल पूर्ण दिसला. त्या संध्याकाळी मानेला मलम लागलं नाही.

डोळे मिटण्याची हीच चाचणी नेमासाठीही करा. रायफल लावा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. नेम निशाणाच्या डावीकडे गेला असेल तर हाताने ओढून आणू नका. मागचा पाय किंचित सरकवा आणि पुन्हा करा. हाताने ओढलेली रायफल ट्रिगर दाबल्याक्षणी जिथून आली तिथे परत जाते. नवशिक्यांचे निम्मे "कसं काय गेलं कळलंच नाही" शॉट याच जातीचे असतात.

प्रत्येक बदलानंतर मास्किंग टेप लावून पेनाने खूण करा, व्हर्नियरने माप घ्या, वहीत तारखेसह लिहा. एका दिवशी एकच स्क्रू. दोन फिरवलेत तर सुधारणा कशामुळे झाली ते देवालाही कळणार नाही. घरच्या माणसाला बाजूने एक फोटो काढायला सांगा. पाठ किती मागे झुकली आहे, ते आपल्याला आतून कधीच कळत नाही.

६. साइट

मागे डायॉप्टर म्हणजे बारीक भोकाची चकती, पुढे बोगद्यात गोल रिंग. डोळा, भोक, रिंग आणि काळं निशाण हे सगळं एकात एक बसायचं. निशाणाचा काळा भाग ३०.५ मिमीचा असतो, आणि दहा गुणांचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा. तो ठिपका दहा मीटरवरून दिसत नाही आणि तो शोधायचाही नसतो. काळ्याभोवती पांढरी कड सगळीकडून सारखी दिसली की झालं.

सापळा असा की नवशिके लहान रिंग लावतात. वाटतं की जितकी बारीक तितकी अचूक. प्रत्यक्षात पांढरी कड दोऱ्याएवढी उरते, डोळा ताणतो आणि रायफल हलताना जास्त दिसते, मग माणूस घाबरून ट्रिगर ओढतो. मोठी रिंग लावा. कड मोकळी दिसू द्या.

क्लिकची, म्हणजे साइटचा स्क्रू फिरवताना लागणाऱ्या एकेका टप्प्याची, दिशा आणि माप स्वतः काढा. काही जर्मन साइटवरच्या खुणा "शॉट इकडे गेला असेल तर इकडे फिरवा" या अर्थाच्या असतात, काहींवर "शॉट इकडे न्यायचा असेल तर" या अर्थाच्या. मी एक अख्खी सराव स्पर्धा उलट्या दिशेने फिरवत घालवली. उपाय सोपा आहे. पाच शॉट मारा, दहा क्लिक एका बाजूला द्या, पुन्हा पाच मारा. दोन ग्रुपच्या मध्यांतलं अंतर मोजा, दहाने भागा. निशाणावरच्या एका वर्तुळापासून दुसरं २.५ मिमीवर असतं, त्यावरून एका वर्तुळाला किती क्लिक ते निघेल. ते आकडे पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा.

७. छर्रे

चपट्या डोक्याचेच घ्या, ते कागदात गोल स्वच्छ भोक पाडतात. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं डोक्याचं माप असतं. तुमच्या बॅरलला कुठलं आवडतं हे कोणीच आधी सांगू शकत नाही, दुकानदार तर नाहीच. प्रत्येकाचा एकेक डबा घ्या. शक्य असेल तर क्लबमध्ये रायफल शिकंजात धरून प्रत्येकी दहा-दहा शॉटचे ग्रुप मारून बघा. छर्रा स्वतःच साडेचार मिमीचा, तेव्हा दहा शॉटचं मिळून भोक पाच-साडेपाच मिमीचं आलं तर तो तुमचा छर्रा. मग डब्यावरचा लॉट क्रमांक पाहून त्याच लॉटचे डबे वर्षभराचे घेऊन ठेवा. पॉइंट टू टूवाले काडतुसांच्या बाबतीत हेच करतात. शिकंजा नसेल आणि तुम्ही अजून साठ शॉटमध्ये ५७० गुणांच्या आसपास मारत असाल, तर ४.५०चा कुठलाही चांगला डबा घ्या आणि पुढे चला.

छर्रे शिशाचे असतात. तोंडात धरू नका, सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका.

८. ट्रिगर

दोन टप्प्यांचा असतो. पहिला मोकळा, मग भिंत लागते, मग सुटतो. एअर रायफलच्या ट्रिगरला किती वजनावर सुटावं याची खालची मर्यादा नियमात नाही, म्हणून लोक केसासारखा हलका करतात. सुरुवातीला १०० ते १५० ग्रॅम ठेवा. भिंत बोटाला कळली पाहिजे. मॅन्युअलमध्ये दिलेले बाहेरचे स्क्रू तेवढे फिरवायचे. ब्लॉक उघडायचा नाही.

९. हवा आणि पावसाळा

सिलिंडर २०० बारपर्यंत भरतात. हळू भरा, भराभर भरलं की तापतं आणि थंड झाल्यावर काटा खाली येतो. फक्त कोरडी स्वच्छ हवा, ऑक्सिजन कधीही नाही. जोडाला तेल किंवा ग्रीस लावू नका, एवढ्या दाबाखाली तेल पेट घेऊ शकतं. हे भीती घालायला लिहीत नाहीये, "जरा तेल लावलं की घट्ट बसत नाही" म्हणणारा एक जण प्रत्येक रेंजवर असतोच.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे फोमच्या पेटीत रायफल ठेवणं म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवणं. घरी आल्यावर बाहेर काढा, घामाचे ठसे पुसा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि कुलूप लावा. छर्र्यांवर पांढरी भुकटी दिसली तर तो डबा सरावाला.

१०. घरचा सराव आणि प्रवास

घरी छर्रा कधीच नाही. ड्राय फायरची (छर्रा न भरता ट्रिगर दाबायची) सोय असलेल्या रायफलवर नुसता नेम आणि ट्रिगर. तीन मीटरच्या हॉलमध्ये दहा मीटरचं काळं ९ मिमीचं दिसायला हवं. मी बायकोच्या पाकिटातली काळी टिकली भिंतीला लावली, माप जवळपास बरोबर निघालं. पडदे मात्र ओढून घ्या. मी ओढले नव्हते आणि समोरच्या विंगमधल्या आजींनी वॉचमनला वर पाठवलं. त्याला बिल दाखवलं, टिकली दाखवली. टिकली पाहून तो जास्त गोंधळला.

लोकलमधून नेताना पेटी बंद, रायफल रिकामी, सेफ्टी फ्लॅग घातलेला, बिल आणि क्लबचं कार्ड वरच्या खिशात. स्टेशनवर पोलिसांनी दोनदा पेटी उघडायला सांगितली. दोन्ही वेळा स्वतःहून "स्पर्धेची एअर रायफल आहे साहेब, हे बिल" म्हटल्यावर दोन मिनिटांत सुटलो. गर्दीत, इंडिकेटरखाली पेटी उघडू नका. बाजूला चला म्हणा.

११. पहिली स्पर्धा

क्लब, जिल्हा, राज्य, मग राष्ट्रीय पात्रता, अशी ही शिडी. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर. त्यांच्या नावाची स्पर्धा अजून भरते आणि रेंजवर पोरं "मावळणकर खेळलास का?" असं विचारतात, तेव्हा ते या दादासाहेबांबद्दल बोलत असतात. पात्रतेचे गुण आणि तारखा बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक वाचा, जुन्या खेळाडूची आठवण प्रमाण मानू नका.

स्पर्धेत तयारी आणि सरावाच्या शॉटना १५ मिनिटं, मग ६० शॉटना इलेक्ट्रॉनिक निशाणावर ७५ मिनिटं. गुण दशांशात मोजतात, कमाल ६५४. माझ्या पहिल्या स्पर्धेत मी ३८ मिनिटांत सगळे साठ मारून मोकळा झालो. बाजूच्या लेनवरची नववीतली मुलगी तेव्हा सव्विसाव्या शॉटवर होती. रायफल टेकवून पाणी पीत होती. तिचा स्कोअर माझ्यापेक्षा एकतीसने जास्त आला.

कागदपत्रांची पिशवी आदल्या रात्री भरून ठेवा, त्यात अ‍ॅलन की विसरू नका.